यादीबाहेरचे किल्ले

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. रायगड जिल्ह्याच्या वाट्याला दोन आले: राजधानीचा रायगड आणि थळसमोरच्या समुद्रातला खांदेरी. पेढे वाटले गेले, चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागले. ते रास्तच होतं. पण नकाशावर खांदेरीपासून रायगडापर्यंत बोट फिरवलं, की आजूबाजूला पेण आणि रोहा हे दोन तालुके लागतात. तिथल्या किल्ल्यांसाठी कुणी फलक लावला नाही. सांकशी, मिरगड, सुरगड, अवचितगड, घोसाळगड, बिरवाडी. उंची बेताची, वाटा रानात शिरलेल्या, तटाचे दगड जागोजाग ढासळलेले.

यांना दुय्यम किल्ले म्हणायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. राजधानीवर राज्याभिषेक होतो, पण राज्य रोज चालतं ते जकातीच्या नाक्यांवर, धान्याच्या कोठारांवर आणि खाडीवर नजर ठेवणाऱ्या चौक्यांवर. पेण-रोह्याचे किल्ले या रोजच्या कामाचे. ते काम कळायचं, तर गडावर तासभर फिरून भागत नाही. पायथ्याच्या गावात रात्र काढावी लागते. म्हणून भातं झोडून झाल्यावर, पौषाच्या थंडीत, तंबू पाठीला मारून आम्ही मित्रमंडळी या भागात हिंडलो.

मुंबई-पुण्याचा पाहुणा इथे रविवारी येतो. पहाटे निघतो, गड चढतो, झेंड्याखाली फोटो काढतो, कोलाडला जेवतो आणि वडखळला वाहतुकीत अडकतो. पळस्पे ते इंदापूर हा महामार्गाचा टप्पा २०११पासून चौपदरी होतो आहे, त्यामुळे अडकणं हाही सहलीचाच भाग. आम्ही रेल्वेने गेलो. कोकण रेल्वेचा शून्य किलोमीटर रोह्यात आहे. तिथपर्यंत दिव्याहून मेमू गाडी येते. पाठीवरच्या बोजासकट उतरलं, की पुढे एसटी आणि सहा आसनी रिक्षा.

बोट जिथवर येते तिथवर

या मुलखाची गुरुकिल्ली पाण्यात आहे. भोगावती, अंबा, कुंडलिका या नद्या सह्याद्रीतून उतरतात आणि अर्ध्या वाटेवर त्यांच्या खाड्या होतात. भरतीच्या पाण्यावर गलबत जिथवर आत येई, तिथे बंदर झालं. बंदरापाशी बाजार भरला. बाजारातून घाटाकडे बैलांचे तांडे निघाले. या वाटेवर नजर ठेवायला जवळच्या डोंगरावर किल्ला आला आणि किल्ल्याला माणसं, दूध, सरपण पुरवायला पायथ्याशी गाव. हा क्रम डोक्यात ठेवून हिंडलं, की ढासळलेला तटही बोलायला लागतो.

पेणचं बंदर अंतोरे. आज तिथे खाडी गाळाने उथळ झाली आहे आणि भोवती खारबंदिस्तीतली शेतं आहेत. एके काळी मीठ आणि भात इथून मुंबईला जाई. या बाजूवर लक्ष ठेवणारा सांकशी महामार्गापासून फार लांब नाही. पायथ्याशी बद्रुद्दीन दर्गा आहे, म्हणून आसपासचे लोक गडाला दर्ग्याचा किल्लाच म्हणतात. चढ लहान, पण शेवटी कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर हात टेकावे लागतात. वर टाक्यांवर टाकी. तट किती उरला हे बघण्यापेक्षा पाणी किती साठवलं होतं ते बघावं. शिबंदीचा अंदाज त्यावरून येतो.

सांकशीची सगळ्यात बोलकी गोष्ट लढाईची नाही, हिशेबाची आहे. १५४०च्या सुमारास हा किल्ला आणि शेजारचा कर्नाळा गुजरातच्या सुलतानाकडे होते. अहमदनगरच्या निजामशाही फौजेने ते घेतले, तेव्हा गुजरातच्या बाजूने वसईच्या पोर्तुगीजांकडे मदत मागितली गेली. वसईचा कप्तान फ्रान्सिस्कु द मेनेझिस फौज घेऊन आला आणि किल्ले त्याने जिंकले. पुढे पोर्तुगीजांच्या लक्षात आलं, की दोन डोंगर सांभाळायचा खर्च उत्पन्नाच्या वर जातो. त्यांनी ते निजामशहाला परत दिले आणि बदल्यात वर्षाला ५,००० सोन्याचे पार्दाव ठरवून घेतले. जिंकलेला किल्ला खंडणीवर सोडून देणारे पोर्तुगीज बखरीत शोभणार नाहीत, पण सांकशीच्या टाक्यांजवळ बसलं की त्यांचं गणित पटतं.

पेणच्या पूर्वेला महालमिऱ्याचा डोंगर आणि त्यावरचा मिरगड. बोरघाटाकडून कोकणात उतरणारी फौज पेणकडे वळली, तर ती या डोंगराच्या नजरेतून सुटत नाही. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाला कोंडून शरण आणलं ते याच बाजूला, चावणी गावाजवळ. पुढच्याच वर्षी मिऱ्या डोंगरावर नामदारखानाशी झुंज झाली. या दोन्ही जागा एका दिवसात पाहता येतात, पण पाहणारे थोडे. डोंगरातल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांमधून जाणारी पाऊलवाट हीच अजून इथली मुख्य वाट आहे.

खोपोलीच्या रस्त्याने आत वळलं, की गागोदे. इथे तटबंदी नाही, तरी ऐतिहासिक गावांच्या कुठल्याही यादीत ते वर असायला हवं. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे इथे जन्मले. पुढे ते विनोबा झाले. १९४०च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली आणि १९५१पासून ते भूदानासाठी देश पायी हिंडले. भोवतालच्या डोंगरात जमीन कुणाची आणि राबतो कोण, हे लहानपणी ज्याने पाहिलं असेल, त्याला भूदानाची कल्पना सुचणं मला नवलाचं वाटत नाही.

आखणी

पेणला येऊन गणपतीचे कारखाने न पाहता पुढे जाता येत नाही. शहरात आहेतच, शिवाय हमरापूर, जोहे, कळवे या गावांत घरटी कारखाना आहे म्हटलं तरी चालेल. सण भाद्रपदात, पण इथलं वर्ष गणेशोत्सव संपला की सुरू होतं. आम्ही गेलो तेव्हा पडव्यांमध्ये पांढऱ्या, कोऱ्या मूर्ती सुकत होत्या. कुणाचा हात जोडायचा होता, कुणाची सोंड घासायची होती. शाडूची माती गुजरातेतून येते. प्लास्टर ऑफ पॅरिसवरचा वाद २०२५मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेव्हापासून प्रत्येक कारखान्यात शाडू किती आणि पीओपी किती, हाच विषय.

परदेशी जायच्या मूर्ती बोटीने जातात, म्हणून त्यांचं रंगकाम आधी उरकतात. एका पडवीत आखणी चालली होती. आखणी म्हणजे डोळे. हे काम कारखान्यातल्या एक-दोन हातांकडेच असतं. आखणी करणाऱ्या काकांनी मूर्ती मांडीजवळ ओढली, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवली आणि चार-पाच केसांच्या ब्रशने वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढली. मग खालची. मग बाजूची मूर्ती घेतली. बुबुळं सगळ्यांची शेवटी.

"काका, मध्येच शिंक आली तर?" आमच्यातल्या एकाने विचारलं.

"ब्रश उचलल्यावर येते," ते म्हणाले आणि तिसरी मूर्ती ओढली.

किल्ल्यांच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण खाडीकाठच्या बाजाराने जे कसब पोसलं, त्यातलं हे आजही पोट भरणारं कसब आहे. अंतोऱ्याचं बंदर बुजलं, तरी पेणचा माल बोटीने जायचा थांबलेला नाही.

नागोठण्याचा पूल, अष्टमीचा धक्का

वडखळ ओलांडून रोहा तालुक्यात शिरलं, की अंबा नदीवर नागोठणं. इथला जुना दगडी पूल साधारण १५८०चा. चौलच्या काझी अलाउद्दीनने तो बांधला आणि त्याला तीन लाख रुपये खर्च आला, असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलं आहे. निजामशाही फौजांना चौलकडे जायला अंबा आडवी येई, म्हणून पूल. रुंदी जेमतेम, बैलगाडी जाईल एवढी. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून वाफेच्या बोटी थेट नागोठण्याला लागत आणि घाटावर जाणारे प्रवासी इथे उतरत. आज नागोठण्याची ओळख पेट्रोरसायनांच्या कारखान्यामुळे आहे. पूल पाहायला आलो म्हटल्यावर रिक्षावाला क्षणभर थांबला आणि मग हसला.

नागोठण्याहून दक्षिणेला खांबच्या डोंगरात सुरगड. पायथ्याच्या वस्तीचं सरकारदरबारी नावच घेरा सुरगड आहे. घेरा म्हणजे किल्ल्याभोवतीची, किल्ल्याच्या कामासाठी लावून दिलेली जमीन आणि वस्ती. गडावर तोफ आहे, शिलालेख आहे, कोठारांची जोती आहेत. पण वर चढण्याआधी या वस्तीत पाणी मागितलं आणि ओटीवर बसलो, तेव्हा घरातल्या आजींनी गडाच्या कुठल्या बाजूला करवंदं जास्त, कुठल्या टाक्याचं पाणी उन्हाळ्यात टिकतं आणि कुठल्या वाटेने गुरं वर जातात, हे सगळं सांगितलं. किल्लेदाराला आपल्या माणसांकडून हीच माहिती हवी असणार.

मग रोहा. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. नगरपरिषदेच्या नावात दोघांची नावं जोडलेली. १६७४च्या उन्हाळ्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी निघाला, तेव्हा तो चौलहून खाडीने अष्टमीपर्यंत बोटीने आला आणि तिथून निजामपूरमार्गे रायगडाकडे गेला. त्याच्या वृत्तान्तात अष्टमीचं नाव वाकडंतिकडं लिहिलेलं आहे, पण वाट अचूक आहे. राज्याभिषेकाच्या चित्रात इंग्रज वकील नेहमी मुजरा करताना दिसतो. तो तिथवर पोचला कसा, याचं उत्तर अष्टमीच्या धक्क्यावर आहे.

रोह्याचं ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पालखी निघते तेव्हा पोलीस बंदुकांसह सलामी देतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख याच गावच्या देशमुख घराण्यातले. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले १९२०मध्ये रोह्यात जन्मले. कोपऱ्यातलं गाव म्हणून रोह्याला कुणी बाजूला टाकू नये.

अवचितगड

रोह्याच्या माथ्यावर उभा आहे तो अवचितगड. उंची हजार फुटांच्या आसपास. मेढे, पिंगळसई आणि पडम या तिन्ही गावांतून वाटा आहेत. आम्ही मेढ्यातून गेलो. दाट झाडीतून वाट खिंडीत येते; तिथे वीरगळ उभे आहेत. कुणाचे, हे कोरलेलं नाही. गडावर महादेवाचं देऊळ, सलग खोदलेली टाकी, बारा कोनांचा बांधीव तलाव आणि तोफा.

मला थांबवलं ते बुरुजाजवळच्या शिलालेखाने. गणेशाला नमन करून त्यात काळ दिला आहे: शके १७१८, नळनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा. म्हणजे इसवी सन १७९६चा गुढीपाडवा. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं. ते मोजत मागे गेलं तर शके १७१८ला नळ संवत्सरच येतं. कोरणाऱ्याने पंचांग नीट पाहिलं होतं. पण या तारखेत एक वेगळी गोष्टही आहे. १७९५च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले होते आणि पाडवा उजाडला तेव्हा पुण्यात गादीवरून कारस्थानं चालू होती. इथे, गादीपासून दूर, कुणीतरी मुहूर्त पाहून बुरुजाच्या कामाचा दगड बसवत होतं. दरबारात काहीही होवो, पावसाळ्याआधी बुरुज उभा राहायला हवा. बावीस वर्षांनी, १८१८मध्ये, इंग्रज फौजा कोकणात उतरल्या तेव्हा हे किल्ले एकामागोमाग एक त्यांच्या हाती गेले.

सिद्दीच्या बाजूची रांग

रोह्याहून मुरुडकडे निघालं, की मुलखाचा तोंडवळा बदलतो. इथे किल्ल्यांचं तोंड जंजिऱ्याकडे आहे. राजपुरीच्या खाडीतून सिद्दी आत येऊ नये, म्हणून घोसाळा, बिरवाडी आणि शेजारच्या तालुक्यातला तळा. १६४८च्या सुमारास तळे आणि घोसाळे महाराजांकडे आले. बिरवाडी त्यांनीच बांधवून घेतला. १६५९मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा संधी साधून सिद्दीने तळे-घोसाळ्याला वेढा घातला. खान पडल्याची बातमी आली तसा उठवला. १६६५च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना गेले आणि महाराजांकडे बारा राहिले. त्या बारांत घोसाळा होता. सिंहगड, पुरंदर सोडून देताना हा छोटा डोंगर हातचा ठेवला जातो, यावरून त्याची किंमत ओळखावी. १७३३च्या मोहिमेनंतर सिद्दीशी तह झाला, तेव्हाही रायगडाबरोबर तळा, घोसाळा, अवचितगड, बिरवाडी मराठ्यांकडे राहिले.

घोसाळगड गावाला अगदी खेटून आहे. भवानीच्या देवळामागून वाट चढते. पडलेल्या दरवाजाजवळ शरभाची शिल्पं पालापाचोळ्यात आडवी पडली आहेत. वर गेलं की खाली कौलारू घरं, वाडीतल्या पोफळी, आणि पलीकडे खाडीची चमक.

इथून पुढे खाडीकाठी कुड्याची बौद्ध लेणी आहेत, सव्वीस. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, आणि त्यांत महाभोज राजघराण्यातली माणसं आहेत तसा एक वैद्य आहे, फुलं विकणारा माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. जवळचं मांदाड हे त्या काळचं बंदर. बंदर, बाजार, डोंगर ही साखळी शिवकाळापेक्षा किती जुनी आहे, ते इथे कळतं. आणि एक रुखरुखही लागते: माळ्याचं दान दगडावर राहिलं, पण घोसाळ्यावर पाणी वाहणाऱ्या, तोफ ओढणाऱ्या एकाही माणसाचं नाव आपल्याला वाचता येत नाही.

नदी, वीज आणि पोपटी

तंबूत राहायचं म्हटलं, की या भागात सगळे कोलाडकडे बोट दाखवतात. कुंडलिकेच्या काठी तंबूंच्या रांगा आहेत. राफ्टिंग, झोपाळे, रात्री शेकोटी आणि स्पीकर. राफ्टिंग सकाळीच का, हे मात्र फार कुणी विचारत नाही. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणारं पाणी या नदीत येतं. सह्याद्रीवरच्या मुळशी धरणाचं पाणी १९२७पासून डोंगराच्या पोटातून खाली सोडून इथे वीज करतात. म्हणून ही नदी उन्हाळ्यातही खळाळते आणि पाणी सुटलं की थोड्या वेळात चढते. काठाला अगदी टेकून तंबू ठोकू नये ते याच कारणाने. मुळशीच्या खोऱ्यातली गावं या धरणासाठी बुडाली. त्यांच्यासाठी सेनापती बापटांच्या पुढाकाराने १९२१मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि हरला. राफ्टवर बसलेल्या पोरांना लाईफ जॅकेट घालायला शिकवतात, तेव्हा दोन वाक्यं याबद्दलही सांगायला हरकत नाही.

आम्ही नदीकाठ सोडून एका शेतकऱ्याच्या खळ्यावर तंबू ठोकला. भातानंतरच्या ओलीवर वाल पेरलेला होता आणि शेंगा भरल्या होत्या. या दिवसांत पेण, अलिबाग, रोह्यात संध्याकाळी शेताशेतांतून धूर दिसतो, तो पोपटीचा.

मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मध्ये मसाला लावलेल्या कोंबडीच्या पुरचुंड्या, अंडी, बटाटे. पुन्हा शेंगा, पुन्हा पाला, आणि तोंड पाल्याने गच्च बंद. पाण्याचा थेंबही नाही. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. शेतकऱ्याच्या घरातल्या वहिनींनी थोड्या वेळाने मडक्यावर पाणी शिंपडलं. थेंब चरचरून उडाले.

"झाली बघा. काढा आता, नाहीतर करपेल."

चादरीवर मडकं ओतलं. भांबुर्डीचा उग्र, ओव्यासारखा वास शेंगांत उतरलेला. शेंग दातांनी ओढायची आणि साल मागे टाकायची. कॅम्पच्या पॅकेजातलं बार्बेक्यू याच्यापुढे उभं राहत नाही, आणि हे जेवण इथल्याच जमिनीतून, इथल्याच मोसमात होतं. रोह्याच्या मुलखात रात्र काढायची पद्धत तंबूवाल्यांनी नव्याने आणलेली नाही.

तंबूची जागा

वेल्समध्ये पहिल्या एडवर्ड राजाने तेराव्या शतकाच्या शेवटी समुद्रकाठी किल्ले बांधले. त्यांतले चार युनेस्कोच्या यादीत १९८६मध्ये गेले, आणि कॉनवी, कर्नार्व्हनच्या गावांचे तटही त्यांच्याबरोबर. रसद समुद्रातून येई आणि गाव किल्ल्याच्या आधाराने वसे, हे ओळखून किल्ला आणि गाव यांची नोंद एकत्र केली गेली. पेण-रोह्यात तर्क तोच आहे, फक्त आपण तो तुकड्यांत पाहतो. किल्ला एका खात्याकडे, रान दुसऱ्याकडे, नदी तिसऱ्याकडे, आणि गाव कुणाच्याच खिजगणतीत नाही.

किल्ला आणि गाव पुन्हा जोडणं हे फार खर्चाचं काम नाही. घोसाळ्यासारख्या गावात ग्रामपंचायतीने शाळेमागचं मैदान तंबूंसाठी दिलं, एक स्वच्छतागृह आणि नळ केला, माणशी ठरावीक रक्कम घेतली आणि गावातल्याच घरांनी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं दिलं, तर रविवारचा पाहुणा एक रात्र थांबेल. आज तो महामार्गावरच्या हॉटेलात पैसे देतो आणि गडावर रिकाम्या बाटल्या ठेवून जातो. थांबला, तर सकाळी ज्याच्या अंगणातून गडाची वाट जाते त्याच्याशी बोलेल, आणि गड पाहताना खाली कुठलं शेत कुणाचं हे त्याला ठाऊक असेल.

जायचं असेल तर दिवाळीनंतर निघा, फाल्गुनापर्यंत मोसम आहे. पावसात या वाटांवर शेवाळ असतं आणि टाक्यांचे काठ निसरडे. गडावर मुक्काम करू नका, पायथ्याशी करा. दव भरपूर पडतं, तेव्हा तंबूवरचं कापड दुहेरी घ्या. नेहमीच्या ओळखीच्या कुणाला फोन करून सोय लावून घेऊ नका. गावात शिरल्यावर सरपंच, पोलीस पाटील, नाही तर देवळाच्या पारावर बसलेल्या आजोबांना विचारा, तंबू कुठे ठोकू. कुठून आलात, कुणाचे, इतक्या लांब चालत कशाला, अशी उलटतपासणी होईल. चहा होईल. वाल तयार असतील तर पोपटीचं आमंत्रण येईल. तटाची लांबी-रुंदी पुस्तकात मिळते. किल्ला कुणाच्या जिवावर उभा होता, हे या चौकशीतच कळतं.